एकाच स्पेलिंगचं सुतक

मधुदादा,

तुझ्या कुलवृत्तांताचं शेवटचं प्रूफ अजून माझ्याच टेबलावर पडलं आहे. छापखान्यातल्या भैयाचा दोनदा फोन येऊन गेला. पहिल्या वेळी त्याने तू गेल्याबद्दल हळहळ व्यक्त केली, दुसऱ्या वेळी मशीन रिकामं बसल्याबद्दल. दोन्ही वेळा आवाज अगदी सारखा होता, त्यामुळे मला तो माणूस खरा वाटला.

परवा आपल्या कुलमंडळाने तुझी शोकसभा घेतली. नागपूरहून अध्यक्ष काकासाहेब आले होते, फेटा न बांधता. तेवढं औचित्य त्यांनी पाळलं. "देवणे कुळाचा वटवृक्ष कोसळला," असं म्हणाले. तू पाच फूट तीन इंच. जन्मात कधी वडाखाली स्कूटर लावली नाहीस, वरून पक्षी घाण करतात म्हणून. कुमुदवहिनी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "शैलाताई, हे असते तर म्हणाले असते, चला, फांद्या उचला आता." मी मान खाली घालून हसले. लोकांना वाटलं रडते आहे. मग त्यांचा मान राखायला म्हणून खरंच रडू आलं.

मलाही दोन शब्द बोला म्हणत होते. नाही म्हटलं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, दादा, आणि ते माइकवरून पुरं करता येण्यासारखं नाही.

तू मंडळाचा चिटणीस झालास तेव्हा मला वाटलं होतं, निवृत्त माणसाला काहीतरी हवंच असतं. कोणी बाग करतो, कोणी सकाळी हसण्याच्या क्लबात जातो, हा आडनावाची माणसं गोळा करणार. पण जबलपूरजवळच्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात तू सारी नोकरी तपासणी खात्यात काढली होतीस, हे मी विसरले होते. काडतुसाच्या नळ्यांना गेज लावणं हे तुझं काम. गेज म्हणजे काय ते मला तूच सांगितलं होतंस: दोन टोकांची पोलादी कांडी, एक टोक नळीत गेलंच पाहिजे, दुसरं जाताच कामा नये. "पहिलं नाही गेलं तर माल बाद. दुसरं गेलं तरी बाद. याच्यात साहेबाची ओळख चालत नाही."

कुळालाही तू तेच लावलंस. काकासाहेबांना मूळपुरुष म्हणून भोसल्यांच्या पदरचा सरदार हवा होता. त्याची तलवार त्यांनी लेटरहेडवर आधीच छापून घेतली होती. तू नागपूरला खेपा घातल्यास, जुने मोडी कागद वाचून घेतलेस आणि भर सभेत उभा राहिलास. "सरदार नाही निघाला. पागेत घोड्यांची चंदी मोजून देणारा कारकून निघाला. पण मापात चोख होता. त्याच्याबद्दल तक्रार एकबी नाही सापडली."

सभेत असं काही शांत झालं की बाहेर आचारी भज्यांचं पीठ फेटत होता ते ऐकू आलं. मला त्या क्षणी तुझा विलक्षण अभिमान वाटला होता. तेव्हा सांगितलं नाही. सांगणार होते, तर चहा आला.

प्रस्तावना काकासाहेबांनी लिहिली, सोळा पानं, सूर्यवंशापासून. त्यात तुझं वाक्य एकच. "ज्यांना एकमेकांचं दहा दिवसांचं सुतक येतं, ते एका कुळाचे." प्रूफं तपासायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी विचारलं, "काय रे हे दादा, मरणावरून माणसं मोजतोस?"

"मग कशावरून मोजू? लग्नाला तर कोणीबी येते."

मी ते वाक्य तसंच जाऊ दिलं.

मग ते आयर्लंडचं पत्र आलं. ई-मेलच्या माथ्यावर एक ढाल होती आणि ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला एक प्राणी. तो सिंह की कुत्रा, हे त्यांनी वाचणाऱ्यावर सोपवलं होतं. मजकुराची सुरुवात "प्रिय कझिन" अशी होती. तिकडे आपल्यासारखंच एका आडनावाच्या लोकांचं मंडळ होतं आणि ते जगभर पांगलेले आपले भाऊबंद शोधत होते. आडनाव डी-ई-व्ही-ए-एन-ई. ते म्हणतात डिवॅन, आपण म्हणतो देवणे. त्यांचा एक जण गोऱ्या पलटणीतून जबलपूरला आला होता आणि इथून त्याने परत कधी कागद टाकला नव्हता. इंटरनेटवर त्यांना जबलपूरचं एकच नाव सापडलं, ते आपल्या मंडळाचं. पत्त्याखाली तू.

मी पोट धरून हसले. "अभिनंदन दादा! सरदार हुकला, पण साहेब मिळाला. आता काकासाहेबांना विचार, फेट्यावर हॅट बसते का."

तू हसला नाहीस. "काहून हसून राहिली, शैले? त्यांचा माणूस हरवलाय. पत्र चुकीच्या दारी आलं म्हणून काय फेकून द्यायचं?"

चुकून आलेलं पत्र माणूस फेकतो, फार झालं तर परत पाठवतो. ज्याचं आहे त्याला शोधायला स्कूटर काढणारा माणूस मी एकच पाहिला. त्या हिवाळ्यात तू अधारतालच्या घरून रोज निघायचास. कँटोन्मेंटच्या जुन्या कब्रस्तानात ओल्या खडूने अक्षरं घासून दगड वाचायचास, चर्चचं रजिस्टर फादरसमोर बसून उतरवायचास. वहिनी तुझ्या विजारीला चिकटलेली कुसळं काढत म्हणायची, "घरच्यांचं श्राद्ध तिथी पाहून करायला लागतं, अन् हे गोऱ्यांच्या तिथ्या शोधून राहिले." तरी डबा ती द्यायचीच.

हरवलेला शिपाई तुला सापडला. तो पलटणीत बूट शिवायचा. पुढे पलटण सोडून रेल्वेत लागला, इथेच लग्न केलं, इथेच पुरला गेला. मी म्हटलं, "लिहिताना जरा सांभाळून. ढालीवर सिंह आहे त्यांच्या." तू सरळ लिहिलंस, बूट शिवायचा. तिकडून उत्तर आलं, आमच्या गावात निम्मे लोक तेच करत, फार आनंद झाला. ते उत्तर काकासाहेबांना मोठ्याने वाचून दाखवावं असं मला फार वाटलं होतं. तू नको म्हणालास. लोकांची फजिती करण्यात तुला कधी गोडी नव्हती. ते खातं तू माझ्यावर सोडलं होतंस.

रजिस्टरमधला शेवटचा धागा रेल्वे वसाहतीच्या मागे, एका बैठ्या कौलारू घरापाशी आला. त्या दिवशी मी तुझ्या मागे स्कूटरवर होते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "देवने मैडम? वो महाराष्ट्रियन टीचर?" फाटकावर इंग्रजी पाटी होती, मिस आर. देवणे. दार उघडणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या. फुलाफुलांचा फ्रॉक, वर स्वेटर, गळ्यात दोरीने बांधलेला चष्मा. मिस रोझलिन. रेल्वेच्या शाळेत सारा जन्म गणित शिकवलेल्या, मागेपुढे कोणी नाही.

तू नमस्कार केलास. "मैडम, मैं मधुकर देवणे."

त्यांनी चष्मा लावला आणि तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "इतने साल चिट्ठी भेजते रहे. आज आए हो?"

आपण दोघेही बावचळलो. त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात आपल्या मंडळाची दिवाळीची पत्रकं. एकूण एक. वर्षावार लावलेली. "सप्रेम नमस्कार. आपल्या कुळातील सर्व थोरामोठ्यांस…" खाली तुझी सही.

मंडळ निघालं तेव्हा टेलिफोनच्या डिरेक्टरीतून तू जबलपूरचे सगळे देवणे उतरवून घेतले होतेस. आयर्लंडवाल्यांनी जी चूक केली, तीच तू कितीतरी वर्षं आधी करून ठेवली होतीस, त्याच सहा इंग्रजी अक्षरांच्या भरवशावर.

मी विचारलं, "आपको मराठी आती है?"

"नहीं. पढ़ लेती हूँ, समझ में नहीं आता. बस एक वर्ड समझती थी. 'आपल्या'." त्यांनी पत्रकावर बोट ठेवलं. "अपना, ना?"

परत येताना मी तुला सोडलं नाही. "जन्मभर तपासणी खात्यात होतास ना रे? मग पत्ते उतरवताना गेज कुठे ठेवलं होतंस?" पुढच्या सिग्नलला थांबल्यावर हेल्मेटच्या आतून म्हणालास, "शैले, त्या बाईनं एकबी फेकलं नाही."

मग मिस तुमच्या घरच्याच झाल्या. दर गुरुवारी तू त्यांना भाजी नेऊन द्यायचास आणि त्या तुझं इंग्रजी सुधारायच्या. आयर्लंडवाल्यांनी सगळ्यांना पडद्यावर भेटायची सभा ठेवली, ती तुझ्या बैठकीत झाली. मिस मोत्यांची माळ घालून आल्या. तू बाजूला, इस्त्रीच्या शर्टात. वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन मधूनच पडद्यात यायची आणि तिकडची माणसं तिला हात हलवायची. एकेक जण आपली शाखा सांगत होता, अमक्या गावची, तमक्या आजोबांची. मग सभा चालवणाऱ्या गृहस्थांनी तुला विचारलं, आपण कोणत्या शाखेचे? तू घसा साफ केलास. तू खरं तेच सांगणार होतास, की मी कोणत्याच शाखेचा नाही, माझं नुसतं स्पेलिंग आहे. तुला मी ओळखते. पण तू तोंड उघडायच्या आत मिस म्हणाल्या, "ही इज विथ मी."

तो गृहस्थ "व्हेरी गुड" म्हणाला आणि पुढच्याकडे वळला. मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या कुलसंमेलनांत एवढा सरळ प्रवेश कोणाला मिळालेला नाही. ना तुतारी, ना फेटा.

आता भांडणाकडे येते.

गेल्या नाताळात अकोल्याचे दत्ताकाका गेले. मिसनी केक केला होता, तू तो घेतला नाहीस. "मिस, सूतक है. दस दिन मीठा नहीं, मंदिर नहीं."

"किसने बोला?"

"ऐसा ही है. एक कुल के हैं ना."

मिसनी सुरी खाली ठेवली. "फिर मेरे को भी?"

आणि तू, गेजवाला माणूस, हसून म्हणालास, "नहीं मिस, आपको नहीं आता."

त्यांनी केक परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. हे तू मला त्याच दुपारी फोनवर सांगितलंस. "खोटं नाही बोललो मी," असं तीनदा म्हणालास. खरं बोललेल्या माणसाला ते तीनदा सांगावं लागत नाही.

आठवड्याभरात तू कुलवृत्तांतात जोडायला एक पान घेऊन आलास. परिशिष्ट. जबलपूरचे आयरिश देवणे. त्यात तो बूट शिवणारा शिपाई, त्याची मुलं, नातवंडं, आणि शेवटी एकटी रोझलिन. काकासाहेबांनी नागपूरहून फोनवरच झटकून टाकलं, "किरिस्तावाचं पान आपल्या वृत्तांतात? लोक काय म्हणतील?" तुला त्यांची पर्वा नव्हती. तू माझ्याकडे आलास, कारण मला जातधर्माचं काही नाही हे तुला माहीत होतं, आणि मी हो म्हटलं असतं तर तू ते पान सभेत लढवलं असतंस.

मी नाही म्हटलं. मी म्हटलं, दया वेगळी आणि इतिहास वेगळा. दोन भाषांच्या स्पेलिंगची टक्कर झाली म्हणून नातं होत नाही. काकासाहेबांचा सरदार खोटा म्हणून काढला, मग हे का ठेवायचं? आणि मग मी तुझंच गेज तुला लावलं. "तुझं वाक्य वाच, दादा. तिला सुतक येत नाही. तूच तिच्या तोंडावर सांगून आलास."

लाल पेन्सिलने मी ते पान उभं छेदलं. काकासाहेबांचं आणि माझं कारण वेगळं होतं. पान मात्र एकच कटलं. ही गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तू त्या रेघेवरून बोट फिरवलंस. मी म्हटलं, एवढंच असेल तर तुझं ते वाक्य काढून टाक, मग पान बसेल. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर चिडलास. "वाक्याला हात नको लावू. आपल्या माणसासाठी गेज घासायचं, तर त्यांचा सरदार काहून काढला मी?" चपला घालून गेलास. जिन्यातून परत वर आलास, अवकाळी पावसात आणलेली छत्री राहिली होती. छत्री घेताना म्हणालास, "पण काहीतरी चुकून राहिलंय, शैले. मला सापडत नाही."

हे आपलं शेवटचं नीट बोलणं. नंतर फोन झाले, ते तुझ्या गोळ्यांचे आणि माझ्या गुडघ्याचे. मग एका सकाळी वहिनीला चहा टाक म्हणालास आणि चहा होईपर्यंतसुद्धा थांबला नाहीस.

मी गुरुजींना विचारलं, मला किती दिवस? ते म्हणाले, "लग्न झालेली चुलतबहीण ना? तुम्हाला काही नाही. स्नान केलं की मोकळ्या." मी सुतक मानत नाही हे तुला ठाऊक आहे. या विषयावर मी तुझं डोकं किती खाल्लं असेल! तरी "मोकळ्या" हा शब्द ऐकला आणि कोणी रांगेतून हात धरून बाहेर काढावं तसं झालं. ज्याने मला सायकल शिकवली, ज्याच्याशी मी साठ वर्षं भांडले, त्याच्या मरणातून मी एका बादलीत मोकळी. घरी येऊन अंघोळ केली. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला गेले, आणि लावला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कोणाला सांगितलं नाही.

दहाव्याला आम्ही नर्मदेच्या ग्वारीघाटावर होतो. विधी चालू होता, नाववाले ओरडत होते, फुलवाली वहिनीला पुन्हा पुन्हा द्रोण दाखवत होती. तेवढ्यात पायऱ्यांवरून मिस खाली येताना दिसल्या, एका हातात काठी, दुसरा हात ऑटोवाल्याच्या खांद्यावर. माळ नव्हती. किती वाळल्या होत्या! माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

मी म्हटलं, "मिस, तबियत ठीक नहीं लगती. इतनी धूप में क्यों आईं?"

"आज दसवाँ है ना. आज ख़तम होता है." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. गणिताच्या बाई. "दस दिन मीठा नहीं खाया. चर्च नहीं गई. संडे को फादर ने फोन किया, मिस देवने, बीमार हो क्या? मैंने बोल दिया, बीमार नहीं हूँ फादर, सूतक है."

मला हसू आलं. "फादर क्या बोले?"

"बोले, ये कौन सी बीमारी है."

मग आम्ही दोघी तोंडाला पदर आणि रुमाल लावून हसलो, आणि गुरुजींनी मंत्र थांबवून आमच्याकडे पाहिलं. तू असतास तर तूही तिथेच बसला असतास.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्हारा कितने दिन का है?"

"मेरा नहीं है, मिस. शादी हो गई ना."

"किसने बोला?"

मी विधी सांगणाऱ्या गुरुजींकडे बोट दाखवलं.

"मेरा भी नहीं आता था," त्या नदीकडे पाहत म्हणाल्या. "मधु ने ही बोला था, आपको नहीं आता. ठीक है. आया नहीं, तो मैंने रख लिया."

दादा, तुला जे सापडत नव्हतं ते हे होतं. जिन्यात छत्री घेऊन तू जे शोधत होतास, ते या बाईने दहा दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन शोधून काढलं. आपण दोघे नात्यावर भांडत राहिलो आणि चूक एका क्रियापदात होती.

तूच मला एकदा सांगितलं होतंस, गेजसुद्धा झिजतं. म्हणून दरवर्षी ते तपासायला पाठवायचं असतं, नाहीतर चांगला माल बाद होतो आणि तपासणाऱ्याला कळतही नाही. आपल्या माणसासाठी गेज घासायचं नाही, हे तुझं बरोबरच होतं. मी घासलेलं नाही. तपासलं आहे. त्यात दोन बायका बाद झाल्या होत्या, आणि दोघी माल म्हणून चोख होत्या. एकीबद्दल मी खात्री देते. दुसरीबद्दल तू द्यायचास.

काल रात्रीपर्यंत धीर होत नव्हता. आज सकाळी प्रूफ उघडलं. शेवटच्या पानावरची लाल रेघ खोडता येत नाही, म्हणून समासात लिहिलं, "ठेवावे." मग मागे प्रस्तावनेवर आले. काकासाहेबांच्या सोळा पानांना हात लावला नाही, त्यांचा सूर्यवंश त्यांना लखलाभ. तू बजावून गेलेल्या तेवढ्या वाक्याला मात्र हात लावला. "ज्यांना" काढून "जे" केलं. "येतं" काढून "धरतात" केलं. "जे एकमेकांचं दहा दिवसांचं सुतक धरतात, ते एका कुळाचे."

शोकसभेत माझ्याकडून दोन शब्द हवे होते ना, ते हे.

छापखान्याचा भैया खाली येऊन उभा आहे. देते त्याला.

तुझी,
शैला